हा विषय फक्त हळदीकुंकवाचा नाही: बडोद्यातील मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातील मराठी मंडळे, ज्ञातिसंस्था आणि सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे यांचे सर्व पदाधिकारी

स. न. वि. वि.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाणाबरोबर आरोग्याचं पत्रक द्यायची पद्धत आपल्याकडे आता चांगली रुळली आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग, तिथल्या पेशी घेऊन करायची पॅप तपासणी, हा कर्करोग आणणाऱ्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमाव्हायरस) या विषाणूवरची मुलींसाठीची लस असं सगळं त्यात असतं. कागद बहुतेक गुलाबी असतो. बायका तो घडी घालून पर्समध्ये ठेवतात, तिळगूळ घेतात आणि घरी जातात. घरी नवरा क्रिकेट बघत बसलेला असतो, मुलगा मोबाइलमध्ये असतो. हा विषाणू बहुतेक बायकांपर्यंत पुरुषाकडूनच पोचतो, पण त्या दोघांना मात्र कोणीही काही सांगितलेलं नसतं.

पुरुषांसाठी शिबिरं होत नाहीत असं मी म्हणत नाही. होतात. रक्तदाब, साखर, कधीमधी डोळे, एखाद्या वर्षी प्रोस्टेट. एचपीव्हीचं नाव मात्र मी पुरुषांच्या एकाही फलकावर वाचलेलं नाही. हे पत्र त्यासाठी लिहीत आहे.

मी डॉक्टर नाही. सायटोलॉजीच्या, म्हणजे पेशी तपासण्याच्या, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. काचपट्ट्या रंगवायच्या, पहिली नजर टाकायची, संशयास्पद वाटेल तिथे पेनाने ठिपका करून पॅथॉलॉजिस्टकडे सरकवायची, हे माझं काम. एचपीव्हीने बाधित झालेली पेशी एकदा ओळखता आली की विसरता येत नाही. पेशीच्या मधलं केंद्रक मोठं होतं, कडेने बेदाण्यासारखं सुरकुततं आणि त्याच्याभोवती एक रिकामी पांढुरकी जागा दिसते. अशा पेशीला कोइलोसाइट म्हणतात. माझ्या टेबलावर अशा पेशी आल्या त्या बायकांच्या. तक्रार काहीच नाही, फक्त तपासून घ्यायचं आहे, म्हणून एखाद्या पुरुषाची काचपट्टी आली असं कधी झालं नाही. त्यात त्यांचा आळस नाही. पुरुषांसाठी अशी तपासणीच ठरवलेली नाही.

थोडं मुळापासून सांगते. एचपीव्ही या एका नावाखाली दोनशेहून अधिक प्रकार येतात. हातापायांवरच्या चामखिळी हे त्यातल्याच काहींचं काम, पण ते प्रकार वेगळे आणि त्यांचा कर्करोगाशी संबंध नाही. नातवाच्या बोटावर चामखीळ दिसली म्हणून कोणी घाबरू नये आणि कोणाच्या चारित्र्यावर तर मुळीच जाऊ नये. जननेंद्रियांच्या भागात वस्ती करणारे प्रकार चाळीसच्या आसपास आहेत. त्यातले ६ आणि ११ हे गुप्तांगावर मस्से, म्हणजे चामखिळीसारखे उंचवटे, आणतात. अशा मस्स्यांपैकी सुमारे ९० टक्के या दोघांचेच. १६ आणि १८ हे खरे धोकादायक. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हे दोन प्रकार सापडतात. हा संबंध शोधून काढणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळालं. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून जास्त त्यात जातात. तेव्हा हळदीकुंकवातलं ते गुलाबी पत्रक अगदी योग्य आहे, ते बंद करा असं मी म्हणत नाही.

आता पुरुषांकडे येऊ. पुढचे काही शब्द मंडळाच्या सूचनाफलकावर लावायला अवघड वाटतील. पण मधुमेहाच्या भाषणात लघवी हा शब्द चालतो, मग हेही चालून जातील.

ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या १८ ते ७० वयाच्या चार हजारांवर पुरुषांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास अॅना जुलियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यात जवळजवळ निम्म्या पुरुषांच्या जननेंद्रियावर एचपीव्हीचा कुठला ना कुठला प्रकार सापडला. जगभरच्या अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १५ वर्षांवरच्या दर तीन पुरुषांत एकाला जननेंद्रियाचा एचपीव्ही संसर्ग असतो आणि दर पाचांत एकाला धोकादायक प्रकारांपैकी एखादा असतो. यातल्या बहुतेकांना काही म्हणजे काही होत नसतं. ना खाज, ना जळजळ, ना डाग.

तो राहतो कुठे, याचं उत्तर बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही माहीत नसतं. वीर्यात किंवा मूत्रमार्गात असेल असं त्यांना वाटतं. अभ्यासकांनी वेगवेगळ्या जागांवरून नमुने घेऊन पाहिले तेव्हा सर्वांत जास्त सापडला तो शिश्नाच्या दांड्याच्या त्वचेवर, मग शिश्नमुंड आणि त्यामागची खाच, आणि वृषणकोशाच्या त्वचेवर. मूत्रमार्गातून आणि वीर्यातून घेतलेल्या नमुन्यांनी त्यात फारशी भर पडली नाही. म्हणजे लघवीच्या तपासणीत काही आलं नाही म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही, त्याचं कारणही हेच. वृषणकोश आणि आसपासची त्वचा कंडोमच्या बाहेरच राहते, आणि हा विषाणू त्वचेच्या त्वचेशी होणाऱ्या घर्षणातून पसरतो. तरी कंडोम वापरायचाच, कारण इतर बरंच काही तो रोखतो.

जागेप्रमाणे या विषाणूचं वागणं बदलतं, आणि मला सगळ्यात कुतूहलाचा वाटतो तो हा भाग. पुरुषाच्या जननेंद्रियावरची त्वचा जाडसर, कोरडी, केराटिनचा थर असलेली. विषाणू वरच्या थरांतच वाढतो आणि तिथूनच झडतो, रक्तात उतरत नाही. त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याची फारशी खबरच लागत नाही. बाईला गर्भाशयमुखात संसर्ग झाल्यावर जितक्या वेळा प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, तितक्या वेळा पुरुषाला जननेंद्रियाच्या संसर्गानंतर होत नाहीत. त्याच पुरुषाला तोच विषाणू गुदमार्गाच्या ओलसर अस्तरात झाला तर प्रतिपिंडं तयार होण्याचं प्रमाण चांगलंच वाढतं. आणि झालेली प्रतिपिंडं पुरुषांना पुढच्या वेळी वाचवतीलच असाही भरवसा नाही. संसर्ग आपोआप जातो, हे खरं आहे. निम्मे संसर्ग साधारण साडेसात महिन्यांत नाहीसे होतात, १६ क्रमांकाला वर्षभर लागतं. पण तोच प्रकार परत येऊ शकतो. पुष्कळ देशांत बायकांमध्ये तिशीनंतर संसर्गाचं प्रमाण उतरत जातं. पुरुषांमध्ये ते पन्नाशी-साठीपर्यंत जवळपास सपाट राहतं. 'आमचं वय झालं आता' असं म्हणणाऱ्या काकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

गुदमार्गाचा उल्लेख आला की सभागृहात खाकरणं सुरू होईल. ज्या पुरुषांनी आयुष्यात पुरुषाशी संबंध ठेवलेला नाही अशांमध्येही जुलियानोंच्या त्या अभ्यासात सुमारे १२ टक्क्यांच्या गुदमार्गात एचपीव्ही मिळाला. हात, आंघोळ, शेजारच्या त्वचेवरून सरकणं, अशा वाटांनी तो तिथे पोचू शकतो. एकाच पुरुषाच्या दोन जागांवर दोन वेगळे प्रकार मिळणं हेही नेहमीचं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत मात्र हे प्रमाण निम्म्याच्या जवळ जातं, आणि त्यात एचआयव्ही असेल तर गुदमार्गाच्या कर्करोगाचा धोका खूपच वाढतो. गुदमार्गाचे सुमारे ९० टक्के कर्करोग एचपीव्हीमुळे होतात. अशा एचआयव्हीबाधित लोकांत कर्करोगपूर्व बदल वेळीच उपचार करून काढले तर कर्करोग निम्म्याहून कमी होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने २०२२ साली दाखवलं. हे पुरुष आपल्यातच आहेत. मंडळाच्या मांडवात ते बांबू धरतात, पंगतीत वाढतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कलम ३७७ बाबत निकाल देऊन समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं ठरवलं, तरी मूळव्याध समजून वर्षभर मलम लावत बसलेला तरुण डॉक्टरकडे खरं सांगायला अजूनही धजत नाही. व्यासपीठावरून एकदा कोणी हे साध्या आवाजात बोललं, तर त्याची वाट थोडी सोपी होईल.

शिश्नाचा कर्करोग आपल्याकडे कमी दिसतो, पण दिसतो. त्यातल्या अंदाजे निम्म्यांमागे एचपीव्ही असतो. बाकी कारणांत पुढची कातडी मागे न सरकणं, तिच्याखालची अस्वच्छता आणि तंबाखू. माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो, खाजेचं मलम मागतो, ते बदलून दुसरं घेतो, आणि बायकोलाही सांगत नाही. गाठ किंवा न भरणारी जखम पंधरा-वीस दिवसांत गेली नाही तर मलम बदलू नका, डॉक्टर गाठा. या विषयात मला एवढंच म्हणायचं आहे.

घशाबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलते, कारण इथे गफलत होण्याची भीती आहे. टॉन्सिल आणि जिभेचं मूळ या भागात एचपीव्ही, त्यातही १६ क्रमांक, टॉन्सिलच्या खाचांत दडून राहतो. तोंडातला संसर्ग जननेंद्रियांच्या मानाने बराच कमी आढळतो. अमेरिकेतल्या २००९-१० च्या राष्ट्रीय पाहणीत तो सुमारे ७ टक्के लोकांत मिळाला, आणि त्यातही पुरुषांत १० टक्के तर बायकांत ४ टक्क्यांहून कमी. तिकडे आता पुरुषांमधल्या एचपीव्हीजन्य घशाच्या कर्करोगांची संख्या बायकांमधल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपेक्षा जास्त झाली आहे.

हे वाचून आपल्या गावातला एखादा म्हणेल, 'बघा, आमच्या मामांना झाला तो गुटख्यामुळे नव्हताच.' तसं अजिबात नाही. आपल्याकडचा गालाचा आणि हिरडीचा कर्करोग हा तंबाखू-सुपारीचा कर्करोग आहे. गुजरातमध्ये २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. तरी पानाच्या गल्ल्यावर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी घेऊन तळहातावर दोन्ही एक करणारे तरुण तुम्ही-आम्ही रोज बघतो. मावा चोळणाऱ्याला एचपीव्हीची सबब देऊ नका. ज्याने तंबाखू कधी हातात धरली नाही, चाळिशी-पन्नाशी आहे आणि मानेत न दुखणारी गाठ आली आहे, त्याच्या बाबतीत मात्र हा विषाणू आठवायला हवा. मानेतली गाठ, गिळताना एका बाजूला अडकल्यासारखं होणं, आवाज बसणं, यातलं काही तीन आठवड्यांत गेलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं. तुकडा तपासताना पी-१६ नावाचा रंग देऊन एचपीव्हीचा माग काढता येतो, आणि एचपीव्हीमुळे झालेला घशाचा कर्करोग तंबाखूच्या कर्करोगापेक्षा उपचारांना चांगली साथ देतो.

स्वरयंत्राचीही एक गोष्ट आहे. ६ आणि ११ या प्रकारांमुळे तिथे मस्से उगवतात. लहान मुलाला तो संसर्ग जन्मताना आईकडून येतो, आवाज घोगरा होतो, श्वास अडतो. मस्से काढले तरी पुन्हा येतात, मग पुन्हा शस्त्रक्रिया. ऑस्ट्रेलियात लसीकरणानंतर अशा मुलांची संख्या घटली.

जगाचा ताळा मांडला तर २०१९ साली एचपीव्हीमुळे सुमारे ६,२०,००० बायकांना आणि ७०,००० पुरुषांना कर्करोग झाला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बायकांचं पारडं किती जड आहे ते उघड आहे. म्हणूनच पुरुषांना या विषयात आणायचं ते बायकांच्या वाट्याचं काढून घेण्यासाठी नाही.

एक प्रसंग सांगते. अहवाल द्यायच्या खिडकीशी एक गृहस्थ आले. चाळिशीचे, खिशाला पेन, हातात बायकोचा एचपीव्ही चाचणीचा कागद. पॉझिटिव्ह. रांगेतले मागचे लोक पुढे जाईपर्यंत बाजूला उभे राहिले आणि मग खिडकीत वाकून म्हणाले, "ताई, हे कधी लागलं ते यात लिहिलंय का?" मी म्हटलं, तारीख कुठल्याच चाचणीत येत नाही. हा विषाणू शरीरात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो. लग्नाआधीचा असू शकतो, तुमच्याकडून आलेला असू शकतो, तुम्हाला तो कधी होता हे तुम्हालाही माहीत नसेल. ते म्हणाले, "मग माझी करा तपासणी." मी सांगितलं, पुरुषांची अशी नेहमीची तपासणी नसते. त्यांचा चेहरा पडला. "घरात तिला माहेरी पाठवायचं चाललंय," एवढं बोलून कागदाच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले. मी त्यांना बायकोच्या पुढच्या तपासणीची, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहण्याच्या कॉल्पोस्कोपीची, वेळ काढून दिली आणि दोघांनी मिळून या म्हटलं. आले की नाही ते मला कळलं नाही.

त्या गृहस्थांना पूर्वी कधी कोणी, कुठल्याही मांडवात, पाच मिनिटं या विषयावर सांगितलं असतं तर घरातलं बोलणं त्या थराला गेलं असतं का? माझं मत आहे, नसतं गेलं. पॉझिटिव्ह अहवाल म्हणजे बदफैलीचा दाखला नव्हे, आणि तो कर्करोगाचा अहवालही नव्हे. पुरुषांच्या आरोग्यशिक्षणाचा पहिला फायदा बायकांनाच होतो, तो असा.

उलट बाजूनेही सावध करते. 'पुरुषांसाठी एचपीव्ही पॅनेल' अशा जाहिराती मोबाइलवर दिसू लागल्या की मंडळींनी सवलतीचं शिबिर भरवू नये. लक्षणं नसलेल्या पुरुषाची अशी चाचणी करा, असं वैद्यकीय मार्गदर्शन कुठेही सरसकट देत नाही. आज आहे, आठ महिन्यांनी नाही, वर्षाने पुन्हा आहे, असं ते चालतं. त्याच्यावर औषधही नाही. त्या पैशात घरातल्या बाईची तपासणी होते.

आता लशीकडे. आणि बडोद्यात लशीचं बोलायचं तर २००९ चं आधी बोलायला हवं, नाहीतर पाठीमागून कुजबुज सुरू होते. त्या वर्षी एका परदेशी संस्थेने सरकारी यंत्रणेबरोबर दोन ठिकाणी मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प केला. एक तेव्हाच्या आंध्रातलं खम्मम आणि दुसरा आपला वडोदरा जिल्हा. प्रकल्पातल्या सात मुलींचा मृत्यू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबलं. चौकशी समितीला त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संमतीचा कारभार वाईट होता. खम्ममकडे पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्याचं उघड झालं, आणि २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने या सगळ्यावर कडक ताशेरे ओढले. 'तिकडे मुली मेल्या होत्या ना?' असं आजही इथे कोणी विचारतं तेव्हा त्याला अडाणी म्हणून उडवून लावू नका. ज्याच्या मुलीच्या दंडात सुई जाते त्याला विचारण्याचा हक्क आहे. उत्तर द्यायचं ते पूर्ण द्यायचं: मृत्यू लशीमुळे नव्हते, आणि संमतीत हयगय झाली होती, ही दोन्ही वाक्यं.

त्या बंदीतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. त्याच सुमारास बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबाद अशा ठिकाणी एक वेगळाच अभ्यास चालू होता, दोन मात्रा पुरतात की तीन लागतात हे पाहणारा. सरकारी आदेशाने तोही लसीकरणापुरता थांबला आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. २०२१ साली निष्कर्ष आले. एकाच मात्रेने १६ आणि १८ क्रमांकांच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण, तेही दहा वर्षांच्या पाठपुराव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मुलींसाठी एक मात्रा पुरेशी धरायला हरकत नाही असं म्हटलं, त्यामागे आपल्याकडच्या या मुलींचा मोठा वाटा आहे.

मुलग्यांचं काय? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक लस ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांविरुद्ध आहे. तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या चाचण्या मुलगे आणि मुली दोघांवरही झाल्या, आणि ती ९ ते २६ वयाच्या दोघांनाही देता येते. चौदापर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, पंधरानंतर तीन. सोळा ते सव्वीस वयाच्या चार हजारांवर तरुणांवर परदेशात झालेल्या चाचणीत अशाच चौपदरी लशीने, ज्यांना ठरल्याप्रमाणे सगळ्या मात्रा मिळाल्या आणि आधी संसर्ग नव्हता त्यांच्यात, गुप्तांगावरचे मस्से आणि बदल ९० टक्क्यांनी रोखले. आधीचा संसर्ग मात्र लस बरा करत नाही. म्हणून वय महत्त्वाचं. संबंध सुरू होण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे आईबापांना 'एवढ्याशा पोराला कशाला?' वाटतं त्या वयात.

ऑस्ट्रेलियाने मुलींना २००७ पासून आणि मुलग्यांना २०१३ पासून सरकारी खर्चाने लस दिली. ब्रिटनने मुलग्यांना २०१९ मध्ये सामील केलं. आपल्याकडे २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन द्यायचं म्हटलं गेलं, आणि सरकारी पैसा आधी मुलींवर खर्च व्हावा हे मला पटतं. ऑस्ट्रेलियात मुलग्यांना लस सुरू होण्याआधीच, केवळ मुलींना दिल्यामुळे, एकविशीच्या आतल्या तरुण पुरुषांमधले मस्से १२ टक्क्यांवरून २ टक्क्यांच्या आसपास आले होते. भरपूर मुलींना लस मिळाली की मुलग्यांना सावली मिळते. ज्यांचे संबंध पुरुषांशीच आहेत त्यांना मात्र ती सावली मिळत नाही, आणि आपल्या मुलींचं लसीकरण अजून त्या प्रमाणापासून फार दूर आहे. त्यामुळे ज्या घराला परवडतं त्याने मुलाला स्वखर्चाने लस द्यावी, डॉक्टरांना विचारून, आणि घरात मुलगी असेल तर तिची आधी.

सयाजीराव महाराजांचं नाव घेतल्याखेरीज बडोद्यात कुठलाही अर्ज पुरा होत नाही, म्हणून तेही करते. १९०६ साली त्यांनी राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं ते मुलगे आणि मुली दोघांसाठी. तेव्हा लोकांना मुलींना शाळेत कशाला पाठवायचं असं वाटत होतं. इथे प्रश्न फक्त उलटा झाला आहे.

तर मागणं असं. येत्या गणेशोत्सवात प्रत्येक मंडळाने एका संध्याकाळी वीस मिनिटं या विषयाला द्यावीत, आणि तो कार्यक्रम महिला शाखेच्या गळ्यात मारू नये. निमंत्रण पुरुषांच्या नावाने जावं. बोलायला त्वचारोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचा डॉक्टर आणावा, शक्यतो पुरुष, आणि त्याला आधीच सांगून ठेवावं की इंग्रजी स्लाइडा वाचून दाखवायच्या नाहीत. प्रश्न चिठ्ठीवर मागवावेत, नाव न लिहिता. हात वर करून कोणी विचारणार नाही. पत्रक मराठी आणि गुजराती दोन्हीत असावं, कारण आपल्या तिशीच्या आतल्या पोरांना मराठी बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की ती गुजरातीकडे वळतात. ज्या मंडळांना लसीकरण शिबिर घ्यायचं असेल त्यांनी संमतीपत्र आठ दिवस आधी घरी पाठवावं, आई किंवा वडिलांची सही घ्यावी, शिक्षकांची किंवा कार्यकर्त्यांची चालणार नाही. लस दिल्यावर मुलाला पंधरा मिनिटं खुर्चीवर बसवावं, कारण त्या वयाची मुलं कुठल्याही इंजेक्शनने चक्कर येऊन पडतात, आणि एक जण पडला की मांडवात अफवा उठते.

कागदाचा रंग कोणताही घ्या, गुलाबी सोडून.

ज्या मंडळाला हवं असेल त्याच्याकडे मी सूक्ष्मदर्शक घेऊन यायला तयार आहे. कोइलोसाइट डोळ्यांनी पाहिली की भाषणाचा अर्धा वेळ वाचतो. वेळ मात्र आरतीनंतर लगेच ठेवा, अंताक्षरीच्या आधी. अंताक्षरी संपेपर्यंत आपली पुरुषमंडळी सेव-उसळ खायला बाहेर पडलेली असतात.

आपली,
एक निवृत्त सायटोलॉजी तंत्रज्ञ
दांडिया बाजार, बडोदा